मैत्रिणींनो, फ्रँचायझी निवडताना या चुका टाळा

मुलांना शिकवायची आवड म्हणून प्री-स्कूलची फ्रँचायझी, म्हणजे पैसे भरून कंपनीच्या नावाने आणि पद्धतीने शाखा चालवण्याचा हक्क, घेतली आणि काही महिन्यांत कळलं, की आपण वर्गात पाऊलच टाकत नाही. दिवस जातो प्रवेशाच्या चौकशांना उत्तरं देण्यात, थकलेली फी मागण्यात आणि अचानक रजेवर गेलेल्या शिक्षिकेच्या जागी कुणाला तरी उभं करण्यात. सलून, व्यायामशाळा, बेकरी, कुठेही हेच घडतं. आपण आवडीचा विषय निवडतो, पण मालकिणीच्या वाट्याला येणारं काम पाहत नाही. माझ्या मते सगळ्यात महाग पडते ती हीच चूक.

सजावट, दर, पुरवठादार, जाहिरात, बहुतेक गोष्टी कंपनी ठरवते. बसलेली घडी नीट चालवण्यात ज्यांना समाधान मिळतं त्यांना हे मानवतं. स्वतःचं काही नवं घडवायची ओढ असेल, तर मात्र घुसमट होते. म्हणून सही करण्याआधी, सध्या फ्रँचायझी चालवणाऱ्या एखादीच्या शाखेत गर्दीच्या दिवशी उघडण्यापासून हिशेब मिटेपर्यंत थांबा. त्यातलं कोणतं काम रोज करायला आवडेल, हे तिथेच कळेल.

‘महिलांसाठी उत्तम, आपल्या सोयीच्या वेळेत’ या जाहिरातीवर भिस्त ठेवू नका. शाखा किती तास उघडी ठेवायची आणि मालकाने स्वतः हजर राहायचं का, हे करारात लिहिलेलं असतं. घरासाठी वेळ हवा असेल तर मॅनेजर लागेल, आणि त्याचा पगार पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावा लागेल.

आता आकडे. रॉयल्टी, म्हणजे कंपनीला नियमित द्यायचा वाटा, बहुतेक वेळा एकूण विक्रीवर घेतात, नफ्यावर नाही. 100 रुपयांच्या विक्रीत इतर सगळे खर्च जाऊन 10 रुपये उरत असतील आणि रॉयल्टी 6 टक्के असेल, तर हातात 4 रुपयेच राहतात. कंपनीच्या सामायिक जाहिरातींसाठीच्या निधीचे पैसे वेगळे द्यावे लागत असतील, तर त्याहूनही कमी. शिवाय कंपनीने दाखवलेल्या ‘नफ्या’त तुमच्या स्वतःच्या कामाचा पगार धरलाय का, हे जरूर विचारा. अनेकदा तो धरलेला नसतो, आणि बायकांच्या श्रमाची किंमत न लावण्याची सवय इथेही चालू राहते. सगळी बचत फ्रँचायझी फी आणि सजावटीत घालू नका. धंदा स्वतःचा खर्च काढू लागेपर्यंतचं भाडं, पगार आणि घरखर्च बाजूला हवा.

चौकशी फक्त कंपनीने सुचवलेल्या यशस्वी मालकांकडे करू नका. सोडून गेलेल्यांना शोधा. अमेरिकेत सही किंवा पैसे घेण्याच्या किमान 14 दिवस आधी कंपनीला माहितीपत्र द्यावं लागतं आणि त्यात मागच्या आर्थिक वर्षात बाहेर पडलेल्यांची नावंही असतात. असा कायदा सगळीकडे नाही. नसेल तिथे ही यादी लेखी मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर मी त्या कंपनीपासून दूरच राहीन.

करार तुमच्या नावावर आणि मालकिणीचे निर्णय घरातल्या दुसऱ्या कुणाचे, असं होऊ देऊ नका. कर्जाला वैयक्तिक हमी दिली असेल तर धंदा बुडाल्यावर वसुली तुमच्याकडूनच होते. बँक खातं, हिशेब, करारनामा तुमच्या ताब्यात असू द्या.

आणि आधीच अडकला असाल तर? विक्री कमी आहे, की विक्री असूनही पैसे उरत नाहीत, हे आधी वेगळं करा. विक्री कमी असेल तर कंपनीने कबूल केलेली मदत, म्हणजे प्रशिक्षण, जाहिरात, ठरलेल्या हद्दीत दुसरी शाखा न देणं, लेखी मागा. पैसे उरत नसतील तर भाडं आणि माल खरेदीचे दर तपासा, इतर मालकांच्या आकड्यांशी ताडून पाहा. दोन्ही ठीक असून कामच नकोसं झालं असेल, तर टाळं लावण्यापेक्षा चालू शाखा विकणं सहसा बरं. त्यासाठी बहुधा कंपनीची परवानगी आणि हस्तांतर शुल्क लागतं, आणि बाहेर पडल्यावर काही काळ तसाच धंदा करायला मनाई असू शकते. ही कलमं वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय कंपनीला नोटीस देऊ नका.