आर्केड कॅबिनेटला स्पिनर बसवताय? आधी उलट्या उडीचं बघा

कॅबिनेट उभं आहे, मेम (जुने आर्केड गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर, MAME) चालतंय, बटणं लागलीत असं धरून चालतो. आता आर्कनॉइड (टायटो, १९८६) नाहीतर टेम्पेस्ट (अटारी, १९८१) जॉयस्टिकवर खेळून बघितलं असेल तर स्पिनर का लागतो हे मी सांगायची गरज नाही. हे गेम त्या गोल फिरणाऱ्या नॉबसाठीच बनलेत, लहानपणी पार्लरमध्ये ज्याने तो नॉब फिरवलाय त्याला जॉयस्टिकवर मजा येणारच नाही.

सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं, ग्रँट रोडला उतरा आणि चालत जा, फक्त रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. एका फेरीत ६०० पल्सचा ऑप्टिकल रोटरी एन्कोडर (शाफ्ट फिरला की विजेचे ठोके, म्हणजे पल्स, देणारा भाग) घ्या, ३८ एमएम बॉडी आणि ६ एमएम शाफ्टवाला. ऑडिओ अ‍ॅम्पला असतो तसला टिकटिक करणारा, एका फेरीत २० पल्स देणारा स्वस्त एन्कोडर "चालतो की" म्हणून कोणी गळ्यात मारला तर घेऊ नका, तो यासाठी नाहीच. बोर्ड एटीमेगा ३२यू४ चिपचा प्रो मायक्रो, कारण तो यूएसबीवर सरळ माउस म्हणून दिसतो, आर्डुइनो युनो बोर्डला ते सरळ जमत नाही. आणि ४.७ के चे दोन रेझिस्टर.

बसवणं सोपं आहे. शाफ्ट जेमतेम सव्वा सेंटिमीटर बाहेर असतो, १८ एमएम प्लायमधून तो वर येतच नाही, म्हणून खालून प्लाय कोरून घ्या किंवा एन्कोडर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर स्क्रूने बसवून ती पट्टी प्लायला मारा. एमडीएफ नको, आपल्याकडच्या पावसाळ्यात भोकाच्या कडा फुगतात आणि जूनपर्यंत मोकळा फिरणारा नॉब जुलैत घासायला लागतो. नॉब शाफ्टवर ठोकून बसवू नका, आत बारीक खाचांची चकती असते, अ‍ॅलन स्क्रूवालाच नॉब घ्या.

वायरिंग: लाल पाच व्होल्ट, काळी ग्राउंड, हिरवी आणि पांढरी म्हणजे ए आणि बी (एन्कोडरचे दोन सिग्नल), त्या बोर्डच्या २ आणि ३ नंबर पिनला. रंग मात्र लेबलवर ताडून बघा. ओपन कलेक्टर आउटपुट असतो, म्हणजे तो सिग्नल फक्त खाली ओढतो, वर नेत नाही, म्हणून ए आणि बी दोन्हींवरून एकेक ४.७ के पाच व्होल्टला जोडा, बोर्डातला आतला पुलअप (तसाच वर खेचणारा रेझिस्टर) कमजोर पडतो. एन्कोडरला १२ व्होल्ट अजिबात देऊ नका, पाचवर मस्त चालतो.

आता मुख्य गोष्ट. माझे दोन रविवार यातच गेले. नॉब हळू फिरवला की गेममधलं पॅडल (ती आडवी पट्टी) लोण्यासारखं सरकायचं, पण जोरात झटका दिला की उजवीकडे जायच्या ऐवजी थबकायचं नाहीतर चक्क डावीकडे उडी मारायचं. दुकानदार म्हणाला एन्कोडर खराब, मी दुसरा आणला, तेच. नेटवर जो तो सांगत होता केबल बदला, शील्ड लावा, नॉइज आहे. तेही केलं, काही फरक नाही. कारण चूक वायरीत नव्हतीच, बोर्डातल्या प्रोग्रॅममध्ये होती.

हिशोब बघा. ६०० पल्स, ए आणि बी मिळून चार कडा (सिग्नल चढतो किंवा उतरतो ते क्षण) मोजल्या की एका फेरीला २४००. जोरात झटक्यात नॉब सेकंदाला पाच फेऱ्या सहज घेतो, म्हणजे सेकंदाला १२,०००. माझ्या प्रोग्रॅममध्ये लूपच्या (परत परत चालणाऱ्या भागाच्या) शेवटी २० मिलिसेकंदाचा डिले होता, कुठूनतरी कॉपी केलेला. तेवढ्यात २४० मोजणी जमतात. पण माउस एका वेळी जास्तीत जास्त १२७ पाठवू शकतो, आठ बिटांत चिन्हासकट तेवढंच मावतं. २४० त्यात कोंबलं की २५६ वजा होऊन ते -१६ होतं! म्हणजे जोरात उजवीकडे फिरवलं आणि पॅडल थोडं डावीकडे गेलं. ही ती उलटी उडी.

उपाय तीन, तिन्ही करा, एकावर भागवू नका. डिले काढून टाका. मोजणी इंटरप्टमध्ये करा (पिन बदलली की चिप हातातलं काम थांबवून लगेच मोजते), लूपमध्ये पिन वाचत बसू नका, नाहीतर कडा निसटतात. आणि जमलेल्या आकड्यातले १२७ पर्यंतच पाठवा, उरलेले पुढच्या वेळेसाठी ठेवा, फेकू नका. अजून एक, मोजणीचा आकडा लूपमध्ये उचलताना इंटरप्ट क्षणभर बंद करा, आठ बिटांची चिप दोन बाइटचा आकडा दोन हप्त्यात वाचते आणि मधेच तो बदलला तर भलतंच काहीतरी हातात येतं.

टेस्ट गेममध्ये करू नका आणि डेस्कटॉपच्या बाणावरही करू नका, तिथे माउस अ‍ॅक्सलरेशन असतं आणि बाण स्क्रीनच्या कडेला अडकतो. सिरियल मॉनिटरवर (बोर्डाने पाठवलेले आकडे कॉम्प्युटरवर दाखवणारी खिडकी) एकूण मोजणी छापा. नॉबच्या कडेला व्हाइटनरचा ठिपका द्या, पॅनेलवर चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर पेनने रेघ मारा. ठिपका रेघेवर, आकडा शून्य. एक फेरी सावकाश, २४०० च्या आसपास आलं पाहिजे, १२०० आलं तर निम्म्याच कडा मोजताय. आता खरी परीक्षा: दहा-बारा वेळा दोन्हीकडे जीव खाऊन झटके द्या आणि ठिपका शेवटी परत रेघेवर आणा. मधे जितक्या पूर्ण फेऱ्या जास्तीच्या झाल्या तितके २४०० धरून आकडा जुळला पाहिजे, दोनचार इकडेतिकडे चालतं कारण ठिपका आपण डोळ्यानेच लावतो. शे-दोनशेचा फरक आला तर कडा निसटतायत, पुढे जाऊ नका. इथे जुळलं आणि गेममध्ये तरीही उडी आली तर १२७ वाली अट परत तपासा. केबल आणि शील्डकडे या सगळ्यानंतर वळा.

मेममध्ये माउस चालू करा, टॅब दाबून अ‍ॅनालॉगच्या मेनूमध्ये डायलची सेन्सिटिव्हिटी लावा. प्रत्येक गेमची वेगळी सेव्ह होते, आर्कनॉइडची टेम्पेस्टला चालेलच असं नाही. दिशा उलटी असेल तर तिथेच रिव्हर्स आहे, किंवा हिरवी आणि पांढरी वायर अदलाबदल करा. पॅनेल बंद करताना केबलला हातभर ढील ठेवा, पहिल्या महिन्यात ते पॅनेल दोनदा तरी उघडावं लागतंच.