द्राक्षबागेच्या तापमापकासाठी एडीसी सर्किटची आखणी

निफाड पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा घसरला की द्राक्षमणी तडकण्याची भीती असते, आणि शेकोट्या कधी पेटवायच्या हे ठरवताना अर्ध्या अंशालाही मोल येते. त्यासाठी एमसीपी३२०८ ही १२ बिटांची एडीसी चिप, म्हणजे सेन्सरच्या व्होल्टेजचे ० ते ४०९५ या अंकांत (काउंटांत) रूपांतर करणारी चिप, पुरेशी आहे. अधिक बिटांच्या मागे लागण्याआधी संदर्भ व्होल्टेजकडे, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून चिप मोजते त्या व्होल्टेजकडे, लक्ष द्यावे.

एडीसी इनपुट व्होल्टेजचे संदर्भाशी असलेले गुणोत्तरच सांगते. माझ्या पहिल्या बोर्डावर तापमानानुसार व्होल्टेज देणारा एलएम३५ सेन्सर होता आणि संदर्भाची पिन थेट ५ व्होल्टच्या पुरवठ्याला जोडलेली होती. एसएमएस पाठवताना जीएसएम मॉडेम इतका करंट ओढत असे की पुरवठा ४.८ व्होल्टवर येई आणि १० अंशांच्या जागी १०.४ दिसत, म्हणजे ऐन इशाऱ्याच्या क्षणी बाग आहे त्याहून उबदार भासे.

म्हणून १० किलोओहमचा एनटीसी थर्मिस्टर (थंडीत रोध वाढणारा सेन्सर) खाली, ग्राउंडकडे, व तेवढाच अचूक रेझिस्टर वर जोडावा, आणि ही जोडी व चिपची संदर्भ पिन, दोन्ही एमसीपी१५४१ या स्थिर संदर्भ व्होल्टेज देणाऱ्या चिपच्या ४.०९६ व्होल्टवर चालवावीत. संदर्भ किंचित हलला तरी दोन्ही बाजू सारख्याच हलतात आणि गुणोत्तर कायम राहते. एमसीपी१५४१ च्या आउटपुटला १ ते १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतोच.

इनपुटला ऑप-अँप (सिग्नलला बळ देणारी चिप) लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु तापमान सावकाश बदलते, त्यामुळे येथे त्याची गरज नाही. चिपमधला सॅम्पलिंग कपॅसिटर, म्हणजे मोजण्यासाठी इनपुट व्होल्टेज क्षणभर धरून ठेवणारा, २० पिकोफॅरडचा आहे. इनपुट पिनलगत १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवला, तर तो ५० हजार पट मोठा असल्याने लागणारा चार्ज सहज पुरवतो आणि वायरीतून आलेला गोंगाटही दाबतो. पंपाच्या मोटारीमुळे शिरणारी ५० हर्ट्झची घरघर उरलीच, तर १ मिलिसेकंदाच्या अंतराने २० वाचने घेऊन सरासरी काढावी, म्हणजे एक पूर्ण आवर्तन भरून ती जवळजवळ नाहीशी होते.

पुरवठ्याच्या पिनलाही अगदी जवळ १ मायक्रोफॅरड द्यावा. अॅनालॉग आणि डिजिटल ग्राउंड चिपखाली एकाच सलग पट्ट्यावर आणावेत, मात्र मॉडेमचा परतीचा करंट तेथून जाऊ देऊ नये.

शेवटी थर्मिस्टर जलरोधक नळीत बसवून बर्फाचा चुरा व पाण्याच्या मिश्रणात १५ मिनिटे बुडवून ठेवावा. थर्मिस्टरचे बी मूल्य (तापमानासोबत रोध किती वेगाने बदलतो ते सांगणारा आकडा) ३९५० असेल, तर काउंट ३१५० च्या आसपास यायला हवा. तेथे एका अंशाला सुमारे ३८ काउंट पडतात, त्यामुळे १९ काउंटांची तफावत दिसली तर अर्ध्या अंशाची दुरुस्ती प्रोग्राममध्ये करून मगच पेटी बागेत टांगावी.