गाडीचे दिवे बंद होत नाहीत? या चुका टाळा

गाडी बंद केली, चावी काढली, दरवाजा लॉक केला, तरी मागचा लाल दिवा जळतोच आहे. अशा वेळी सर्वांत मोठी चूक म्हणजे "दिवा लागतोय ना, मग बिघडलंय काय?" असं म्हणून घरात निघून जाणं. साध्या बल्बच्या दोन ब्रेक लाइट असतील तर प्रत्येकी 21 वॅट, म्हणजे दोन्ही मिळून साधारण साडेतीन अँपिअर करंट जातो. लहान पेट्रोल गाडीची 35 अँपिअर-अवरची बॅटरी त्या हिशेबाने दहा तासांत रिकामी होते. रात्री आठला उभी केलेली गाडी सकाळी सहाला सुरू होणार नाही.

आधी नेमका कोणता दिवा जळतोय ते बघा, कारण प्रत्येक दिव्याचं कारण वेगळं असतं. हेडलाइट काही सेकंदांनी आपोआप विझत असतील तर तो बिघाड नाही. तुम्हाला घराच्या दारापर्यंत उजेड मिळावा म्हणून दिलेली ती सोय आहे. फक्त एकाच बाजूचे पुढचे-मागचे छोटे दिवे जळत असतील तर इंडिकेटरची दांडी बघा. फोक्सवॅगन, स्कोडाच्या अनेक गाड्यांत गाडी बंद केल्यावर दांडी डावीकडे किंवा उजवीकडे राहिली तर त्या बाजूचे पार्किंग दिवे लागून राहतात. दांडी मध्यभागी आणली की काम झालं. आणि 'ऑटो'वर ठेवलेले हेडलाइट भर दुपारी लागत असतील तर काचेजवळ डॅशबोर्डवरचा काळा सेन्सर झाकला गेलाय का ते तपासा. मूर्ती, नॅपकिन, टोलची पावती, काहीही पुरतं. सेन्सरला वाटतं, अंधार पडला.

ब्रेक लाइट मात्र कधीही हलक्यात घेऊ नका. बॅटरी उतरते हा त्यातला लहान त्रास. सतत लाल दिवा दिसत असेल तर तुम्ही ब्रेक कधी मारला हे मागच्याला कळतच नाही. खंडाळ्याच्या उतारावर तुमच्या मागे भरलेला ट्रक आहे, अशी कल्पना करा.

गंमत अशी की हा बिघाड बहुतेक वेळा अगदी किरकोळ वस्तूमुळे होतो. ब्रेक पेडलच्या वरच्या बाजूला एक छोटा स्विच असतो. पेडल मोकळं असताना पेडलच्या पट्टीवरचं रबराचं किंवा प्लॅस्टिकचं बटण त्या स्विचचा दांडा आत दाबून ठेवतं, म्हणून दिवा बंद राहतो. वर्षानुवर्षांच्या उन्हाने हे बटण ठिसूळ होऊन फुटतं, स्विचचा दांडा पट्टीच्या भोकातून आरपार जातो आणि दिवा कायमचा पेटतो. ड्रायव्हरच्या पायाखालच्या मॅटवर प्लॅस्टिकचे तुकडे सापडले तर समजा, तेच झालंय. टॉर्च घेऊन खाली वाका आणि स्विचचा दांडा बोटाने दाबा. दिवा विझला तर स्विच चांगला आहे, फक्त बटण हवंय. विझला नाही तर स्विचचा कनेक्टर काढून बघा. बहुतेक गाड्यांत यानंतर दिवा विझला तर स्विच गेलाय. तरीही जळत राहिला तर दोष वायरिंगमध्ये आहे.

इथे लोक बल्ब बदलतात, पूर्ण टेल लॅम्प बदलतात. बल्बचा यात काहीही दोष नसतो. दुसरी चूक स्विच फार पुढे सरकवून बसवण्याची. त्याने पेडल पूर्ण वर येत नाही, ब्रेक किंचित लागून राहतात आणि चाकं तापतात. बटण मिळेपर्यंत त्या भोकात चपट्या डोक्याचा बोल्ट नटाने आवळून काम भागवता येतं, पण पेडल मोकळं वर येतंय ना, हे हाताने तपासूनच गाडी काढा.

हेडलाइट विझतच नसतील तर संशय रिलेवर, म्हणजे दिव्याचा करंट चालू-बंद करणाऱ्या विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचवर घ्या. 60/55 वॅटच्या जागी 100/90 चे बल्ब थेट मूळ वायरिंगवर लावले की रिलेचे पॉइंट, म्हणजे आतले धातूचे संपर्क, तापून एकमेकांना चिकटतात. रिले उपसल्यावर दिवा विझला तर त्याच नंबरचा दुसरा रिले, बऱ्याचदा हॉर्नचा, तिथे लावून बघा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक केल्यावर पॉइंट सुटतात खरे, पण तो रिले पुन्हा चिकटणार. बदलाच.

रात्रीपुरती सोय करायची तर त्या दिव्याचा फ्यूज काढा. कोणता ते फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतं. ब्रेक लाइटचा फ्यूज सकाळी निघण्याआधी परत लावायचाच, आणि गाडी आधी दुरुस्तीला न्यायची. फ्यूज सापडत नसेल तर इंजिन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा, बऱ्याच गाड्यांना 10 नंबरचा पाना लागतो. आधी पॉझिटिव्ह सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. इंजिन चालू ठेवून तार काढणं त्याहून वाईट: व्होल्टेज उसळून अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) दोन्ही जाऊ शकतात.

पावसाळ्यात हे सगळं नीट असूनही दिवे भलतेच वागू लागले तर टेल लॅम्पचे कनेक्टर उघडून हिरवा गंज बघा, आणि बॉनेटखाली उंदरांनी कुरतडलेल्या तारा शोधा. तारेला नुसती टेप गुंडाळू नका, ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तो तुकडा बदलून घ्या.