करप्याचे फोटो आणि वनटीबीबी: जुना कोड नव्या आवृत्तीवर कसा आणायचा

सावद्याला मामाची केळीची बाग आहे. कांदेबागेत (ऑक्टोबरच्या सुमारास लावलेल्या केळीत) करपा, म्हणजे पानांवर ठिपके पाडणारा रोग, दिसायला लागला की मामा पानांचे फोटो काढून पाठवतो आणि माझा सी प्लस प्लसमधला प्रोग्राम प्रत्येक पानाचा किती भाग ठिपक्यांनी धरलाय ते मोजतो. एकामागून एक फोटो घेत बसलं तर संध्याकाळ होते, म्हणून मी काम प्रोसेसरच्या अनेक कोअरवर वाटते. त्यासाठी वापरते टीबीबी, म्हणजे थ्रेडिंग बिल्डिंग ब्लॉक्स ही लायब्ररी. इंटेलने ती 2006 मध्ये आणली आणि 2007 मध्ये तिचा कोड सगळ्यांना खुला (ओपन सोर्स) केला. 2021 ची आवृत्ती वनटीबीबी या नावाने आली, तेव्हा तिच्यातून बरंच जुनं सामान काढून टाकलेलं होतं. मी उबुंटू 20.04 वरून 22.04 वर गेले आणि प्रोग्राम कंपाइल होईना, तो यामुळेच.

नावं इथे देवनागरीत लिहिते आहे. कोडमध्ये शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर असतो, तेवढा धरून चाला.

कोडला हात लावण्याआधी जुन्या आवृत्तीवर प्रोग्राम एकदा चालवा आणि उत्तरं फाईलमध्ये ठेवा. मी ते केलं नव्हतं, म्हणून जुना लॅपटॉप माळ्यावरून काढावा लागला.

आता थ्रेडची, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांची, मर्यादा. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या आसपास असतो. सगळे कोअर जुंपले की लॅपटॉप तापतो आणि स्वतःच मंदावतो, म्हणून मी चारच थ्रेड देते. पूर्वी ‘टास्क शेड्युलर इनिट’मध्ये 4 लिहिलं की झालं. ते आता नाही. ‘ग्लोबल कंट्रोल’चा ऑब्जेक्ट बनवा आणि त्याला ‘मॅक्स अलाउड पॅरॅललिझम’ व 4 द्या. मुख्य थ्रेडही या चारातच मोजला जातो. हा ऑब्जेक्ट जिवंत असेपर्यंतच मर्यादा चालते. मी तो एका छोट्या फंक्शनमध्ये ठेवला होता. फंक्शन संपलं, ऑब्जेक्ट गेला, आणि पंखा पुन्हा घोंघावायला लागला. तो मेनच्या पहिल्या ओळीत ठेवा. असे दोन ऑब्जेक्ट एकाच वेळी असतील तर लहान आकडा लागू होतो.

टीबीबीचा स्वतःचा ‘ॲटॉमिक’ही (अनेक थ्रेडनी एकदम बदलला तरी न बिघडणारा व्हेरिएबल) गेला, स्टँडर्ड लायब्ररीतला घ्या. ‘फेच अँड ॲड’चं ‘फेच ॲड’ झालं, ते कंपाइलरच दाखवतो. जपायचं ते ‘कंपेअर अँड स्वॅप’ला, म्हणजे किंमत अपेक्षेइतकीच असेल तर ती बदलणाऱ्या फंक्शनला. जुन्यात नवी किंमत आधी आणि तुलनेची नंतर लिहायचो. ‘कंपेअर एक्स्चेंज स्ट्राँग’मध्ये तुलनेची आधी येते, तीही व्हेरिएबलमध्ये ठेवून. दोन्ही जागी व्हेरिएबलच असतील तर अदलाबदल कंपाइलरला कळत नाही आणि चुकीचा आकडा गुपचूप बाहेर पडतो. शिवाय लोकल ॲटॉमिकला सुरुवातीची किंमत स्वतः द्या.

‘पॅरॅलल डू’ असेल तर ‘पॅरॅलल फॉर ईच’ लिहा, फीडरसुद्धा (चालू असतानाच नवं काम भरणारा) तिथे चालतो. ‘पॅरॅलल फॉर’ला मला हातही लावावा लागला नाही.

माझा खरा वेळ गेला पाइपलाइनवर. जुना ‘पाइपलाइन’ क्लास काढलाय, राहिलंय ते ‘पॅरॅलल पाइपलाइन’ हे फंक्शन. कापणीच्या दिवशी बागेत चालतं तसंच हे आहे: एक जण घड कापतो, चौघं वाहतात, आणि ट्रकमध्ये रचणारा एकच असतो. माझ्याकडे पहिला टप्पा फोटो वाचतो, दुसरा मोजतो, तिसरा आकडा फाईलमध्ये लिहितो. पहिल्या आणि तिसऱ्याला ‘फिल्टर मोड’मधला ‘सिरियल इन ऑर्डर’ द्या, मधल्याला ‘पॅरॅलल’. मग मोजणी कुणाचीही आधी होवो, लिहिलं जातं ते फोटोंच्या मूळ क्रमानेच. फोटो संपले की पहिल्या टप्प्यात ‘फ्लो कंट्रोल’चा ‘स्टॉप’ कॉल करा; त्या वेळी परत दिलेली किंमत पुढे जात नाही.

या फंक्शनचा पहिला आकडा नीट विचार करून द्या. एका वेळी किती फोटो वाटेत असावेत, ते तो ठरवतो. वाहणारे चारच असताना घड भराभर कापले तर बांधावर ढीग साचतो. इथे साचते ती मेमरी. चार थ्रेडना मी 8 देते.

शेवटी ‘एलडीडी’ चालवून बघा; प्रोग्राम कोणत्या लायब्ररी फाईल लोड करतो, त्यांची यादी ही कमांड देते. जुन्या टीबीबीच्या फाईलच्या नावाच्या शेवटी 2 असतो, नवीच्या शेवटी 12. माझं ओपनसीव्ही (फोटो हाताळणारी लायब्ररी) जुन्या टीबीबीवर बांधलेलं होतं, त्यामुळे दोन्ही फाईल एकत्र लोड होत होत्या. म्हणजे थ्रेडच्या दोन वेगळ्या टोळ्या, आणि एकीला लावलेली मर्यादा दुसरीला माहीतच नाही. ओपनसीव्ही नव्या टीबीबीवर पुन्हा बांधलं, तेव्हा यादीत फक्त 12 उरला.

मग मर्यादा 1 ठेवून एकदा आणि 4 ठेवून एकदा चालवा, आणि दोन्ही उत्तरं ठेवलेल्या फाईलशी ‘डिफ’ने (दोन फाईलमधला फरक दाखवणारी कमांड) ताडून बघा. माझ्या फाईलमध्ये एका पानाचा फरक निघाला. तो कंपेअर एक्स्चेंजचाच होता. तो दुरुस्त झाल्यावरच मामाला आकडे पाठवले.