रिकाम्या पिकअपची आदळआपट कशी कमी केली

शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंतची आमची वाट म्हणजे निव्वळ दगडगोटे. टोमॅटो भरून नारायणगावच्या बाजारात जाताना पिकअप बरी चालायची, पण परत येताना रिकामी गाडी मागून उड्या मारायची. सगळे म्हणाले, शॉकअप गेले. पाहिलं तर ते कोरडे ठणठणीत, गळालेल्या तेलाचा थेंब नाही.

दुखणं पाट्यांत होतं, म्हणजे मागच्या कमानीच्या (लीफ स्प्रिंगच्या) एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांत. आधीच्या मालकाने जास्त माल झेपावा म्हणून एक जादा पाटा घातलेला, आणि बाकीचे चिखल-गंजाने एकमेकांना चिकटलेले. पाटे एकमेकांवर सरकले तरच कमान नीट वाकते. नाहीतर लहान दगडाचा धक्काही थेट चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला. चासीखाली भक्कम स्टँड लावून (नुसत्या जॅकवर हे काम करू नका) कमान उतरवली, जादा पाटा काढला, उरलेले तारेच्या ब्रशने घासून ग्रॅफाइट ग्रीस लावलं. कंपनीचे मूळ पाटे मात्र कमी करायचे नाहीत, मग लोड झेपत नाही. कमान ॲक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट नवेच घातले आणि थोडी गाडी चालवून पुन्हा आवळले.

शॅकलचे, म्हणजे कमानीचं टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या दुव्याचे, रबरी बुशही (बोल्टभोवतीच्या रबरी नळ्या) बदलले. इथे बरेच मेकॅनिक घाई करतात. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच पक्के आवळायचे. कमान लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

खड्डे अजून जाणवतात, पण हौदा आदळत नाही. रिकाम्या फेरीला मागच्या टायरची हवाही स्टिकरवरच्या रिकाम्या गाडीच्या आकड्याइतकीच ठेवतो.