स्टार्टरची कॉइल पुन्हा पुन्हा जळते? या चुका टाळा

मोटार चालू-बंद करणारा स्टार्टर घुमायला (घूं घूं आवाज करायला) लागतो, दोन दिवसांत कॉइल जळते, नवी टाकली की तीही जाते. अशा वेळी कॉइलच्या दर्जाला दोष देऊ नका. आधी गाभ्याच्या (कॉइलमधल्या लोखंडाच्या) दोन तोंडांमधली, म्हणजे स्थिर भाग आणि कॉइलने ओढला जाणारा हलता भाग (आर्मेचर) यांच्यातली फट पाहा.

ती फट किती महाग पडते, हे आकड्यांतच कळते. सरासरी ४० सेमी लांबीचा, ४ चौ. सेमी छेदाचा, २००० सापेक्ष पारगम्यतेचा (हवेपेक्षा २००० पट सहज फ्लक्स, म्हणजे चुंबकीय प्रवाह, वाहू देणारा) बंद लोखंडी गाभा घ्या. त्याचा रिलक्टन्स, म्हणजे फ्लक्सला होणारा विरोध, सुमारे ४ लाख अँपिअर-टर्न (करंट गुणिले वेढे) प्रति वेबर. १ टेस्ला फ्लक्स घनतेसाठी १६० अँपिअर-टर्न पुरतात. आता त्यात फक्त १ मिमी फट पाडा. एकट्या फटीचा रिलक्टन्स जवळजवळ २० लाख भरतो आणि गरज ९५५ अँपिअर-टर्नवर जाते. म्हणजे ४० सेमी लोखंडापेक्षा १ मिमी हवा पाचपट भारी!

एसी आणि डीसी कॉइलला एकच नियम लावणे

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. डीसी कॉइलचा करंट तारेच्या रोधावर ठरतो. फट वाढली तर फ्लक्स कमी होतो, करंट तेवढाच राहतो. एसीत उलटे घडते. तिथे व्होल्टेज म्हणजे ४.४४ गुणिले फ्रिक्वेन्सी, वेढे आणि कमाल फ्लक्स. व्होल्टेज ठरले की फ्लक्सही ठरला. फट मोठी असेल तर तोच फ्लक्स राखायला कॉइल जास्त करंट खेचते.

म्हणूनच लहान एसी कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला कॉइलवर चालणारा स्विच) ओढताना साधारण ७० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) घेतो आणि पूर्ण बसल्यावर ८ व्हीएच्या आसपास. हे ७० व्हीए काही मिलिसेकंदांपुरतेच असतात; कॉइलची तार तेवढ्याचसाठी निवडलेली असते. आर्मेचर वाकडे बसले, प्लास्टिकची खाच मोडली किंवा शेतातल्या स्टार्टरमध्ये मुंग्यांनी माती भरली, की आर्मेचर अर्ध्यावर अडकते आणि मोठा करंट वाहतच राहतो. मग कॉइल कोणत्याही कंपनीची असो, जळणारच.

याच कारणाने २३० व्होल्टची एसी कॉइल २३० व्होल्ट डीसीवर लावू नये. तिचा रोध समजा ६०० ओहम असेल, तर जवळपास ०.३८ अँपिअर करंट आणि ८८ वॅट उष्णता. एसीत करंट अडवणारी इंडक्टिव्ह रिॲक्टन्स डीसीत उरतच नाही.

कॉइलचे व्होल्टेज न पाहता जोडणी

४१५ व्होल्टची कॉइल दोन फेजमध्ये लावायची असते. ती फेज आणि न्यूट्रलमध्ये जोडली तर ५५ टक्केच व्होल्टेज मिळते. ओढ फ्लक्सच्या वर्गावर अवलंबून असल्याने ती ३० टक्क्यांवर येते. आर्मेचर उचलतच नाही. आणि मोठ्या फटीमुळे कॉइल तरीही वर सांगितलेल्या ७० व्हीएच्या ३० टक्के, म्हणजे २१ व्हीए घेत बसते. धरून ठेवण्याच्या ८ व्हीएच्या अडीचपटीहून जास्त. उलट २३० ची कॉइल दोन फेजमध्ये लागली तर फ्लक्स १.८ पट व्हायला बघतो, गाभा संपृक्त होतो (आणखी फ्लक्स पेलत नाही) आणि करंट सुसाट वाढतो.

कॉन्टॅक्टर साधारणपणे ठरवलेल्या व्होल्टेजच्या ८५ ते ११० टक्क्यांत उचलला पाहिजे. ४१५ ला ८५ टक्के म्हणजे ३५३ व्होल्ट. पंप सुरू होताना लांब केबलमुळे व्होल्टेज याच्या खाली जात असेल, तर आर्मेचर थडथडते. अशा वेळी काडी अडकवून ते दाबून ठेवणे अत्यंत धोकादायक आहे: वीज गेली तरी स्टार्टर सुटत नाही आणि ओव्हरलोड रिलेचेही (जास्त करंट वाहिल्यास मोटार बंद करणाऱ्या भागाचे) संरक्षण जाते. केबलची जाडी व जोड तपासा.

तोंडे कानशीने घासणे

गंज दिसला की कानस किंवा पॉलिश पेपर मारायची सवय मोडा. तोंडे कारखान्यात घासून सपाट केलेली असतात; हाताने घासल्यावर ती कडेला उतरतात. कोरड्या फडक्याने पुसा, ग्रीस लावू नका. चिकट थरामुळे आर्मेचर उशिरा सुटते. ई आकाराच्या बऱ्याच गाभ्यांत मधल्या पायाला मुद्दाम बारीक फट असते. तो दोष नाही. बाहेरचे पाय झिजून ती मिटली, तर शिल्लक चुंबकत्वामुळे वीज बंद करूनही आर्मेचर चिकटून राहते. अशा वेळी गाभा बदला.

घुमणे म्हणजे कॉइल खराब, असे समजणे

५० हर्ट्झला फ्लक्स सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. त्या क्षणी आर्मेचर धरून ठेवते ती तोंडात बसवलेली तांब्याची शेडिंग रिंग, कारण तिच्या भागातला फ्लक्स मागे रेंगाळतो. ही रिंग तडकली की घूं घूं आवाज येतो आणि नव्या कॉइलनेही जात नाही.

मेन स्विच बंद करून, वीज नसल्याची टेस्टरने खात्री करून कॉन्टॅक्टर उघडा. रिंगची तड भिंगाने पाहा. मग तोंडांमध्ये पांढरा कागद आणि कार्बन पेपर ठेवून हाताने दाबा. ठसा दोन्ही बाहेरच्या पायांवर सारखा उमटला पाहिजे. एकाच कडेला उमटला, तर आधी आर्मेचरची बैठक दुरुस्त करा, कॉइल नंतर.