सॉफ्टबॉलच्या संघात किती मुलं घ्यावीत? या चुका टाळा

शाळा सुरू झाल्या की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या क्रीडाशिक्षकांपुढं तोच कागद येतो: सॉफ्टबॉलचा संघ, नावं किती घालायची? बहुतेक जण परिपत्रकातला कमाल आकडा बघतात आणि तेवढ्या ओळी भरून मोकळे होतात. कमाल आकडा म्हणजे तेवढी नावं चालतील, इतकंच. तेवढी हवीतच असं कुठंही लिहिलेलं नसतं. अगदी लहान, दहा-बारा वर्षांच्या पोरांचा संघ असेल तर १२, चौदा वर्षांखालच्यांना १३ आणि सतरा वर्षांखालच्यांना १४ पुरतात. याच्यावर नावं घेऊन कुणा मुलाचं भलं होत नाही, उलट त्याची खेळायची पाळी कमी होते.

नावं १८, मैदानावर दहा

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, म्हणून तिचा हिशोब नीट मांडू. मैदानात नऊ जागा आणि सात इनिंग म्हणजे एका सामन्यात क्षेत्ररक्षणाच्या ६३ पाळ्या. संघातली सहा चांगली मुलं शेवटपर्यंत खेळतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यात ४२ पाळ्या जातात. उरलेल्या २१ पाळ्या १३ जणांच्या संघात सात मुलांना मिळतात, म्हणजे प्रत्येकी तीन इनिंग. १८ जणांच्या संघात त्याच २१ पाळ्या बारा मुलांत वाटायच्या. प्रत्येकाला दोनही इनिंग येत नाहीत. शालेय स्पर्धेत सामना पाच इनिंगचा केला तर जेमतेम एक येते, तीही राइट फील्डला, म्हणजे उजवीकडच्या बाहेरच्या जागेवर, जिथं चेंडू क्वचित येतो.

सरावातही तेच होतं. एकाला पाच मिनिटं बॅटिंग दिली तर १३ जणांना ६५ मिनिटं लागतात आणि १८ जणांना दीड तास. तेवढ्यात अंधार पडतो. बेस रनिंग (एका बेसवरून पुढच्या बेसवर पळणं) आणि रिले थ्रो (लांबचा चेंडू मधल्या खेळाडूच्या हातून पोचवणं) उद्यावर जातात, आणि तो उद्या काही येत नाही.

नावं वाढतात ती बहुतेक भिडेपोटी. पालक येऊन म्हणतात, "नाव तर घालून ठेवा की सर, खेळायचं मागनं बघूया." सर घालून ठेवतात. खानापूर तालुक्यातल्या मुलींच्या एका संघाचं असंच झालं. जूनमध्ये नावं १८. जुलैत रोप लावणीला घरी हात लागतात, म्हणून काही मुली गेल्या. पावसात जांबोटीकडच्या बसचा भरवसा राहिला नाही, तशा आणखी काही गळाल्या. ज्यांना महिनाभर फक्त चेंडू आणून द्यायचं काम होतं, त्या न सांगताच यायच्या बंद झाल्या. सामन्याच्या सकाळी मैदानावर दहा जणी होत्या.

तिसऱ्या इनिंगला बॅटला चाटून आलेला चेंडू कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागं बसून चेंडू झेलणाऱ्या मुलीच्या, उघड्या हाताच्या अंगठ्यावर बसला. अंगठा सुजला, तिला बाहेर काढावं लागलं. सेकंड बेसच्या मुलीला मास्क, चेस्ट गार्ड आणि लेग गार्ड चढवले. तिनं ते त्याआधी कधी घातलेच नव्हते. मास्कचा पट्टा सैल, टाकलेल्या दर चेंडूला तो नाकावर येई. समोर बॅट फिरली की तिचे डोळे मिटत आणि चेंडू मागं जाई. फर्स्टवरची रनर सेकंडला, सेकंडवरची थर्डला. चेंडू कॅचरच्या हातात बसावा म्हणून पिचरनं, म्हणजे चेंडू टाकणारीनं, वेग कमी केला, तसे समोरच्या संघाचे फटके बसू लागले. दोन आऊट असताना एका बॅटरचा तिसरा स्ट्राइक पडला, म्हणजे ती बाद व्हायची, पण कॅचरच्या हातून चेंडू सुटला. बॅटर पळत फर्स्टला पोचली आणि संपायची इनिंग पुढं चालू राहिली. सामना हातचा गेला.

बघणारे म्हणाले, नशीब. यात नशिबाचा संबंध नाही. १८ नावांत दुसरी कॅचर एकही नव्हती.

आकडा मागून पुढं मोजणे

आधी डोकी मोजायची आणि मग त्यांना जागा वाटायच्या, हा उलटा क्रम आहे. आधी पिचर आणि कॅचर मोजा. तीन पिचर, दोन कॅचर, चार इनफिल्डर (आतल्या फळीचे), चार आउटफिल्डर (बाहेरच्या फळीचे), असे १३ होतात. पिचिंग नसेल तेव्हा पिचर फर्स्टला किंवा थर्डला उभा राहतो, म्हणून आतली फळी चारातच भागते. चौदावा घेतलाच तर तो शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली जागा) आणि सेकंड बेस दोन्ही खेळणारा असावा.

एका चांगल्या पिचरवर भागवणं हा आळस आहे. चेंडू हात खालून फिरवून टाकतात म्हणून हात थकत नाही, असं मानणारे फार भेटतात. विंडमिल या पिचिंगच्या पद्धतीत अख्खा हात खांद्यातून गोल फिरतो आणि चौदा वर्षांच्या खांद्याला दिवसात दोन-तीन सामने जड जातात. दुसरा पिचर तयार व्हायला महिने लागतात. दुसऱ्या आठवड्यातच ड्रॉप बॉल (बॅटजवळ खाली बुडणारा चेंडू) शिकवायला निघालेल्या नव्या प्रशिक्षकांनी आधी तीन मुलांकडून नुसती मनगटाची झटक बसवून घ्यावी.

यादी तपासायची सोपी रीत आहे. प्रत्येक नावापुढं दोन जागा लिहा, शक्यतो एक आतली आणि एक बाहेरची. मग कुठल्याही एका नावावर बोट ठेवा आणि उरलेल्यांत नऊ जागा भरतात का बघा. त्यानंतर पहिला पिचर आणि पहिला कॅचर दोघांवरही बोट ठेवून बघा. इथं अडलात तर आणखी नाव घालू नका. आहेत त्यांतल्या एकाला कॅचरचं किट चढवा आणि रोज वीस चेंडू द्या.

क्रिकेटचं गणित लावणे

आपल्याकडं प्रशिक्षक बहुतेक क्रिकेटमधून आलेले. तिथं बदली खेळाडू फिल्डिंगला उतरला तरी सहसा बॅटिंग-बोलिंग करत नाही, त्यामुळं राखीव म्हणजे पाणी नेणारा अशी सवय पडते. सॉफ्टबॉलमध्ये बदली खेळाडू खरोखर खेळतो, बॅटिंगही करतो. सुरुवातीच्या यादीतला खेळाडू एकदा बाहेर जाऊन परत येऊ शकतो, मात्र बॅटिंगच्या क्रमात आपल्याच जागी. शिवाय डीपी-फ्लेक्स लावला तर सुरुवातच दहा जणांनी होते: डीपी बॅटिंग करतो, फ्लेक्स फक्त फिल्डिंग. बॅटिंग न जमणाऱ्या चांगल्या पिचरसाठी हे सोयीचं. म्हणून ११ जणांचा संघही धोक्याचाच. डीपी-फ्लेक्स लावल्यावर बाहेर एकच उरतो, आणि त्याला ताप आला की कुणीच नाही.

आणखी काही

मुलं कुठून येतात हे न बघता आकडा ठरवू नका. सगळी एकाच गल्लीतली असतील तर १२ वर निभावतं. चार गावांतून बस धरून येणार असतील तर १४ घ्या.

दहावीची मुलं किती, हे आधी मोजा. एसएसएलसीची शिकवणी सुरू झाली की संध्याकाळच्या सरावाला निम्मी येतात.

डावखुरी मुलं सगळी इनफिल्डला टाकू नका. फर्स्ट बेस, आउटफील्ड आणि पिचिंग यांत ती चांगली. त्यांचा ग्लोव्ह उजव्या हातात बसणारा लागतो. तो शाळेच्या पेटीत आहे का ते निवडीआधी बघा.

२० च्या वर मुलं आली तर एक फुगलेला संघ करू नका. दोन संघ करा आणि आपसात खेळवा. दहा-अकराचा संघ स्पर्धेला कमी पडतो, शिकायला उत्तम.

पहिल्याच दिवशी यादी पक्की करू नका. १६ जणांना तीन आठवडे सरावाला बोलवा, रोजची हजेरी लिहा आणि मग १३ किंवा १४ वर कात्री लावा. हे पालकांना पहिल्याच बैठकीत सांगून ठेवा, म्हणजे नंतर दारात भांडण येत नाही.

आणि जर्सी यादीनंतर शिवायला टाका, आधी नाही. शिलाई स्वस्त पडते म्हणून १८ जर्सी आधीच टाकल्या की त्या भरायला १८ मुलं शोधली जातात. यादीपेक्षा दोन जर्सी जास्त घ्या, एक लहान, एक मोठी, दोन्हींवर नंबर न घालता.